एलटीस्पाइसवर एसडीआरचा मिक्सर: दोन महिने घासून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा अख्ख्या एलटीस्पाइसचा, म्हणजे सर्किट बनवण्याआधी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरचा, रिव्ह्यू नाहीये. पॉवर सप्लायवाल्यांनी त्याच्यावर ढीगभर लिहून ठेवलंय. मला एवढंच बघायचं होतं की घरी बनवायच्या एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, ज्यात बरंचसं काम कॉम्प्युटर करतो) रिसीव्हरचा मिक्सर, म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी खाली आणणारा भाग, आधी स्क्रीनवर उभा केला आणि मग सोल्डरिंगला बसलो तर खरंच काही फायदा होतो, का नुसताच टाइमपास. कारण माझा पहिला बोर्ड मी न सिम्युलेट करताच बनवला होता, कुठल्यातरी सर्किटवरून कपॅसिटरच्या व्हॅल्यू उचलल्या, बोर्ड पहिल्याच दिवशी चालला, मी खूश, आणि मग लक्षात आलं की वॉटरफॉल (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारं स्क्रीनवरचं चित्र) मधोमध लख्ख उजळलेला आणि दोन्ही कडांना काळाकुट्ट. रिसीव्हर चालतोय पण कडेचे स्टेशन पाण्याखाली बसून बोलल्यासारखे. हे का होतंय ते कळायला मला एक आठवडा लागला, सिम्युलेशनमध्ये दहा मिनिटांत कळलं असतं. म्हणून दुसऱ्या बोर्डाच्या वेळी म्हटलं आता नीट करू.

मिक्सर कुठला, तर टेलो डिटेक्टर, म्हणजे ज्याला लोक क्यूएसडी (क्वाड्रेचर सॅम्पलिंग डिटेक्टर) पण म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अँटेनाकडून आलेला सिग्नल एक भराभर फिरणारा स्विच आळीपाळीने चार कपॅसिटरवर टाकतो, प्रत्येकाच्या वाट्याला सायकलचा पाव भाग. पहिल्या आणि तिसऱ्या कपॅसिटरमधला फरक म्हणजे आय, दुसऱ्या आणि चौथ्यातला फरक म्हणजे क्यू, एकमेकांपासून नव्वद अंश सरकलेले दोन सिग्नल, दोन्ही साउंड कार्डच्या स्टिरिओ इनपुटला दिले की पुढचं सगळं सॉफ्टवेअर बघतं. प्रत्यक्षात स्विचच्या जागी एफएसटी३२५३ सारखा मक्स, म्हणजे अनेक वाटांतली एक निवडणारी स्विचची चिप, आणि त्याला फिरवायला चारपट क्लॉकवर चालणारे दोन फ्लिपफ्लॉप, म्हणजे ०-१ धरून ठेवणारे डिजिटल सर्किट. ७ मेगाहर्ट्झ ऐकायचं तर क्लॉक २८ चा. झालं, एवढंच सर्किट. दिसायला इतकं साधं की वाटतं यात सिम्युलेट काय करायचंय.

एलटीस्पाइस निवडलं त्याचं एक कारण फुकट आहे, हे तर झालंच. दुसरं कारण मला नंतर उमगलं. हे सॉफ्टवेअर लिनियर टेक्नॉलॉजी कंपनीने स्वतःच्या स्विचिंग रेग्युलेटर चिपांसाठी बनवून घेतलं, पूर्वी त्याचं नावच स्विचरकॅड होतं, २०१७ मध्ये अॅनालॉग डिव्हायसेसने ती कंपनी घेतली आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडे. म्हणजे याचा पिंडच मुळी स्विच, कपॅसिटर आणि नॅनोसेकंदांच्या कडा यांचा. आणि आपला टेलो डिटेक्टर म्हणजे तरी काय, स्विच आणि कपॅसिटरच की! रेडिओवाले याला मिक्सर म्हणतात म्हणून आपल्याला तो डायोड आणि ट्रान्सफॉर्मरच्या घराण्यातला वाटतो, पण सिम्युलेटरच्या नजरेतून तो पॉवर सप्लायचा चुलतभाऊ आहे. त्यामुळे जिथे बाकीचे काही सिम्युलेटर टाइमस्टेप फार लहान झाला म्हणून रडत बसतात तिथे हे बऱ्यापैकी निमूटपणे रन पूर्ण करतं.

दिसायला म्हणाल तर जुनाट. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेघा, बटणं बारीक, पहिल्या दिवशी वाटतं हे कुठल्या जमान्यातलं. पण आर दाबलं की रेझिस्टर, सी दाबलं की कपॅसिटर, हात बसला की पाच मिनिटांत सर्किट उभं राहतं. लिनक्सवर वाइनमधून चालतं, मी तसंच वापरतोय, तक्रार नाही.

आता खरी मजा. लायब्ररीत एफएसटी३२५३ मिळत नाही, त्यामुळे स्विच आपणच बनवायचा. चार व्होल्टेज कंट्रोल्ड स्विच घ्यायचे आणि एक मॉडेलची ओळ लिहायची, चालू असताना ४ ओम, बंद असताना १ मेगओम, थ्रेशोल्ड अडीच व्होल्ट. मी लिहिलं, रन केलं, चारही कपॅसिटरवर एकसारखाच काहीतरी चिखल. स्विच बंदच होत नाहीयेत. क्लॉक बघितला, बरोबर. थ्रेशोल्ड बघितला, बरोबर. अर्धा तास गेला आणि मग डोक्यात ट्यूब पेटली, की स्पाइसमध्ये एम म्हणजे मिली, मोठा लिहा नाहीतर छोटा लिहा. मेगसाठी एम-ई-जी अशी तीन अक्षरं लिहावी लागतात. म्हणजे माझा स्विच बंद असताना १ मिलिओम होता, चालू असताना ४ ओम! उलटाच धंदा. ही खोड एलटीस्पाइसची एकट्याची नाही, बर्कलीच्या मूळ स्पाइसपासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे, पण प्रत्येक नवीन माणूस त्यात एकदा पडतोच. शाळेत एकदा तरी गुडघा फुटतोच तसं.

दुसरा खड्डा फ्लिपफ्लॉपचा. एलटीस्पाइसमध्ये तयार डिजिटल फ्लिपफ्लॉप आहे, दोन जोडले (दुसऱ्याचं आउटपुट उलटं करून पहिल्याला), जॉन्सन काउंटर तयार. आउटपुट बघितलं तर चौकोनी, सुंदर, नव्वद अंशांनी सरकलेलं. आणि स्विच ढिम्म. का? तर या फ्लिपफ्लॉपचं आउटपुट न सांगता ० ते १ व्होल्ट असतं. माझ्या स्विचचा थ्रेशोल्ड अडीच. व्होल्टेजची वरची पातळी ५ आहे हे त्याला पॅरामीटरमध्ये लिहून द्यावं लागतं, आणि डिले पण लिहून द्यावा लागतो नाहीतर तो शून्य धरतो. ग्राफच्या डाव्या बाजूचा आकडा बघितला असता तर लगेच कळलं असतं, पण आपण लाटेचा आकार बघतो, आकडा कोण बघतो.

तिथून माझ्या लक्षात आलं की हे सॉफ्टवेअर म्हणजे सरकारी कचेरीतला काटेकोर कारकून आहे, जेवढं विचाराल तेवढंच उत्तर, शब्द कमी नाही आणि जास्त पण नाही. तुम्ही जे लिहिलं नाही ते त्याच्या लेखी शून्य. हे एकदा डोक्यात बसलं की याच्याशी जमतं.

तिसरी गोष्ट चुकीत मोडत नाही, पण यानेच मला पहिल्यांदा काहीतरी शिकवलं. सोपं पडावं म्हणून फ्लिपफ्लॉप काढून चार वेगळे पल्स सोर्स लावले, प्रत्येकी पाव सायकल. ७ मेगाहर्ट्झची सायकल १४२.८६ नॅनोसेकंदांची, त्याचा पाव ३५.७. चढायला १ नॅनोसेकंद, उतरायला १. रन केलं आणि कपॅसिटरवरचा सिग्नल हिशेबापेक्षा चांगलाच कमी. हिशेब असा की पाव सायकलभर सरासरी घेतली तर १ मिलिव्होल्ट शिखराचा ०.९ मिलिव्होल्ट व्हायला पाहिजे, म्हणजे तोटा फक्त ०.९ डीबी (डेसिबल, सिग्नल किती कमी-जास्त ते मोजायचं माप). टेलोवर लोक फिदा आहेत ते याच आकड्यामुळे. मग झूम करून बघितलं. पल्स सोर्समध्ये ऑन टाइम लिहितो त्यात चढणं-उतरणं धरलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक स्विच खरंतर ३६.७ नॅनोसेकंद चालू राहत होता आणि पुढच्या स्विचबरोबर १ नॅनोसेकंद गळ्यात गळे. तेवढ्या वेळात दोन शेजारचे कपॅसिटर ८ ओममधून एकमेकांत चार्ज ओततात. १४३ मधला १ नॅनोसेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण कागदावर मांडून बघितलं तर जवळपास तीन डीबी तिथे जातात. ऑन टाइम कमी करून मध्ये छोटीशी फट ठेवली, सिग्नल लगेच जागेवर. मक्सच्या डेटाशीटमध्ये आधी तोडा मग जोडा याच्यावर एवढा भर का असतो ते त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

आता पहिल्या बोर्डाचा तो काळा वॉटरफॉल. त्यात मी १०० नॅनोफॅरॅडचे कपॅसिटर टाकले होते. अँटेनाचे ५० ओम अधिक स्विचचे ४, असं धरून मी आरसी फिल्टरचा कोपरा, म्हणजे जिथून सिग्नल घसरायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, काढला होता २९-३० किलोहर्ट्झ, म्हटलं बरं आहे. पण प्रत्येक कपॅसिटर चारातला एकच वेळ जोडलेला असतो! चार्ज व्हायला त्याला चौपट वेळ लागतो, म्हणजे कोपरा चौपट खाली, ७.४ किलोहर्ट्झ. माझं साउंड कार्ड ९६ किलोहर्ट्झचं, म्हणजे मधल्यापासून दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ दिसणार, आणि ४८ ला सिग्नल १६ डीबी खाली. एलटीस्पाइसमध्ये स्टेप लावून सिग्नलची फ्रिक्वेन्सी थोडी थोडी सरकवली आणि प्रत्येक वेळी मेझर कमांडने आयची उंची लिहून घेतली, तर हाच उतार समोर आला, माझ्या वॉटरफॉलची झेरॉक्स. कपॅसिटर २२ नॅनोफॅरॅड केला, कोपरा ३३ किलोहर्ट्झच्या वर गेला आणि कडेचा तोटा ५ डीबीच्या आत आला. १० ला तर दीडच डीबी. मग १०च का नाही टाकला, तर कपॅसिटर लहान केला की कडेचे तगडे स्टेशन पण तेवढ्याच जोरात ऑपॲम्पवर (मिक्सरनंतरच्या ॲम्प्लिफायर चिपवर) येतात, मला मधला रस्ता बरा वाटला.

याच चौपटीचा अजून एक परिणाम आहे जो मला कोणी सांगितला नव्हता. ऑपॲम्पला मागे जो इम्पीडन्स दिसतो तो ५४ ओम नसतो, २१६ ओम असतो. मी साधा डिफरन्स ॲम्प्लिफायर लावला होता १ किलोओमच्या इनपुट रेझिस्टरचा, त्याच्या प्लस आणि मायनस बाजू कपॅसिटरवर वेगवेगळा भार टाकतात, ग्राफमध्ये दोन कपॅसिटरची उंची वेगळी दिसते. तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरसारखी हाय इम्पीडन्स रचना केली आणि दोन्ही सारखे झाले. कागदावर हे मी शोधायलाच गेलो नसतो.

एफएफटीबद्दल (लाटेतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारा हिशेब) नवीन लोकांसाठी महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एलटीस्पाइस डिस्कची जागा वाचवायला लाटेचा डेटा आपणहून कॉम्प्रेस करतं. डोळ्यांना फरक कळत नाही पण एफएफटी घेतली की खालचा फ्लोअर उगाच वर येतो, आणि आपण इमेज (सिग्नलची मधल्याच्या दुसऱ्या बाजूला पडणारी खोटी सावली) आणि स्पर (नको असलेले टोन) शोधत बसतो जे सर्किटमध्ये नाहीतच. ऑप्शन्समध्ये प्लॉटविनसाइझ शून्य लिहायचं, कॉम्प्रेशन बंद. नमडिजिट ६ च्या वर ठेवायचा म्हणजे डबल प्रिसिजन. मॅक्सिमम टाइमस्टेप स्वतः द्यायचा, १ नॅनोसेकंद किंवा कमी. आणि फ्रिक्वेन्सी अशा निवडायच्या की रनमध्ये पूर्ण सायकली बसतील. मी एलओ (लोकल ऑसिलेटर, इथे स्विच फिरण्याची फ्रिक्वेन्सी) ७ आणि सिग्नल ७.०२ मेगाहर्ट्झ घेतो, फरक २० किलोहर्ट्झ, ५०० मायक्रोसेकंदांत बरोबर दहा सायकली. खऱ्या आयुष्यातला १ किलोहर्ट्झचा टोन घेऊन बसलात तर १० मिलिसेकंदांत ७० हजार एलओ सायकली मोजाव्या लागतात, चहा करून प्या, परत येऊन बघा, अजून चालूच. सेव्ह कमांडने फक्त हवे तेवढे नोड ठेवा, नाहीतर हार्ड डिस्क बोंबलते.

बरं, इमेज. इथे एलटीस्पाइसची एक मोठी उणीव आहे, त्याचा एफएफटी एका वेळी एकच रिअल सिग्नल घेतो, आय अधिक जे क्यू असा कॉम्प्लेक्स स्पेक्ट्रम दाखवत नाही. म्हणजे अधिक २० आणि उणे २० एकावर एक पडतात, आणि एसडीआरमध्ये नेमकं तेच तर वेगळं बघायचं असतं. यावर उपाय सापडला आणि तो इतका भारी आहे की मी या सॉफ्टवेअरच्या शंभर चुका माफ करायला तयार आहे. वेव्ह नावाची कमांड आहे, ती कुठल्याही नोडचं व्होल्टेज सरळ डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये लिहिते, स्टिरिओसकट. डावीकडे आय, उजवीकडे क्यू, १६ बिट, ९६ हजार सॅम्पल. आणि ही फाइल एचडीएसडीआर या रिसीव्हर सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग म्हणून उघडते!

पहिल्यांदा उघडली तेव्हा नुसती शांतता. परत कारकुनाची गंमत, वेव्ह कमांड उणे १ ते अधिक १ व्होल्टच धरते आणि माझ्या ऑपॲम्पचं आउटपुट अर्ध्या सप्लायवर, अडीच व्होल्टवर बसलेलं. सगळं कापलं गेलं. पुढे एक कपॅसिटर टाकून डीसी काढला. मग ५० मिलिसेकंदांचा रन रात्री लावून झोपलो, सकाळी फाइल तयार. ५० मिलिसेकंदांत वॉटरफॉल काय दिसणार, म्हणून ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये तोच तुकडा वीस वेळा एकापुढे एक चिकटवला, सायकली पूर्ण असल्यामुळे सांधा दिसत नाही. प्ले केलं. अधिक २० वर एक जाड रेघ आणि उणे २० वर तिची फिकट सावली. एकही पार्ट सोल्डर न करता स्वतःचा रिसीव्हर वॉटरफॉलवर चालताना बघणे, काय सांगू, घरच्यांना हाक मारून दाखवलं, त्यांना दोन रेघा दिसल्या, ते परत गेले.

मग प्रयोगांचा सपाटा. चार वेगळे पल्स सोर्स असलेल्या सर्किटमध्ये क्यूच्या जोडीला मुद्दाम ०.४ नॅनोसेकंद उशीर दिला, ७ मेगाहर्ट्झला हा बरोबर १ अंश होतो. १ अंश फेज चुकीला इमेज ४१ डीबी खाली यायला पाहिजे असं सूत्र सांगतं, आणि तेवढीच आली. मग म्हटलं आता खरं सर्किट, दोन फ्लिपफ्लॉप, मक्सच्या दोन सिलेक्ट लाइन. त्यातल्या एकीला तोच ०.४ नॅनोसेकंद उशीर. इमेज आली ४६ डीबीवर. सुधारली! मी म्हटलं काहीतरी गंडलंय. सिग्नल २० ऐवजी मधल्याच्या जवळ २ किलोहर्ट्झवर आणला तर ५२, आणि कडेला ४५ वर नेला तर ४३. चार वेळा तपासलं. तोच उशीर, तेच सर्किट, इमेज मात्र जागेप्रमाणे बदलतेय.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कागदावर कडा मांडल्या तेव्हा उलगडलं. मक्समध्ये एक सिलेक्ट लाइन उशिरा बदलली की चार खिडक्यांपैकी दोन रुंद होतात आणि दोन अरुंद, पण चारही खिडक्यांचे मध्य एकसाथ अर्ध्या अंशाने सरकतात. म्हणजे आय आणि क्यूमधले नव्वद अंश जसेच्या तसे. फेजची चूक झालीच नाही! झाली ती रुंदीची, आणि रुंदी बदलली की त्या कपॅसिटरचा कोपरा पण बदलतो, एकाचा थोडा वर, एकाचा थोडा खाली, म्हणून मधल्यापासून जितकं लांब जाल तितका आय आणि क्यूमध्ये फरक वाढत जातो. सॉफ्टवेअरमध्ये एका ठिकाणी इमेज करेक्शन मस्त बसवलं आणि पन्नास किलोहर्ट्झ पलीकडे गेलो की परत सावली दिसते, हे मी पहिल्या बोर्डावर बघितलं होतं आणि साउंड कार्डला शिव्या घातल्या होत्या. साउंड कार्ड बिचारं, त्याचा काही दोष नसेल असं नाही, पण सगळा त्याच्या माथी मारणं बरोबर नव्हतं.

तिसऱ्या हार्मोनिकचा प्रयोग पटकन सांगतो. एलओ ७ च, सिग्नल २१.०२. काहीच यायला नको असं वाटतं ना, येतो, आणि फक्त साडेनऊ डीबी खाली, वर उलट्या बाजूला, उणे २० वर. पाचवं हार्मोनिक १४ डीबी खाली, ते सुलट बाजूला. म्हणजे पुढे बँडपास फिल्टर नसेल तर तुमचा ७ चा रिसीव्हर २१ पण मन लावून ऐकणार. फिल्टर नंतर टाकू म्हणणाऱ्यांनी हा एक रन करून बघा.

आता जे जमत नाही ते. नॉइज. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा मायनस. नॉइज ॲनालिसिस आहे, पण तो सर्किट एका डीसी बिंदूवर थिजवतो आणि तिथला हिशेब देतो. मिक्सर तर सतत फिरत असतो. मी तरी हट्टाने लावून बघितला, क्लॉक सुरुवातीला शून्यावर असल्याने सगळे स्विच बंद, सिग्नलला रस्ताच नाही, आणि इनपुटला रेफर केलेला नॉइज असा अचाट आकडा की हसावं का रडावं. यात सॉफ्टवेअरची लबाडी काही नाही, साध्या स्पाइसचा नॉइज असाच असतो, महागड्या आरएफ सिम्युलेटरमध्ये फिरत्या सर्किटचा नॉइज काढायची वेगळी सोय असते. मी फक्त ऑपॲम्पचा भाग वेगळा काढून, समोर २१६ ओमचा रेझिस्टर लावून नॉइज काढला. तेवढं भरवशाचं आहे.

दुसरं म्हणजे इंटरमॉड, दोन सिग्नल मिसळून तयार होणारे खोटे सिग्नल. दोन टोन टाकले आणि थर्ड ऑर्डर शोधला, तर नाहीच! काय भारी मिक्सर बनवलाय मी, असं पाच मिनिटं वाटलं. मॉडेलमधला स्विच नेहमी ४ ओम, सिग्नल लहान असो का मोठा, त्यामुळे तो कधी डिस्टॉर्ट करणारच नाही. खऱ्या मक्सचा रेझिस्टन्स आतल्या मॉसफेटच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि डिस्टॉर्शन तिथूनच येतं. हे बघायचं तर मॉसफेटचं मॉडेल लावा, आदर्श स्विचवर काढलेला इंटरसेप्ट पॉइंट कोणाला सांगू नका, हसतील.

डायोड रिंग, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मिक्सर, पण करून बघितली, चार डायोड, दोन ट्रायफिलर ट्रान्सफॉर्मर. इथे एकच सल्ला, ७ डीबीएम लोकल ऑसिलेटर म्हणजे ५० ओमवर ०.७ व्होल्ट शिखर, पण सोर्सच्या आत ५० ओम धरले असतील तर सोर्सला १.४ लिहायचं. मी ०.७ लिहिलं, ६ डीबी कमी ड्राइव्ह, आणि कन्व्हर्जन लॉस (मिक्सरमध्ये वाया जाणारा सिग्नल) वाईट आला म्हणून डायोड बदलत बसलो. आदर्श रिंगचासुद्धा लॉस ३.९ डीबी असतो, टेलोच्या ०.९ पुढे ते बघून परत तिकडे गेलो नाही.

पर्याय आहेत. किकॅड या पीसीबी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एनजीस्पाइस नावाचं सिम्युलेटर आतच बसवलेलं आहे, त्याच स्किमॅटिकवरून पुढे पीसीबी करता येतो, आणि एनजीस्पाइसमध्ये ट्रान्झियंट रनमध्येच नॉइज सोडणारा सोर्स आहे, तेवढ्यासाठी मी ते शिकायला घेतलंय. एलटीस्पाइस ज्यांनी लिहिलं त्या माइक एंगलहार्ट यांनी नंतर क्यूस्पाइस काढलं, २०२३ पासून मिळतं, मी अजून हात लावला नाही. पण डब्ल्यूएव्ही फाइलचा तो खेळ मला इथे सापडला आणि त्यासाठी मी पाचपैकी चार देतो. एक कापला नॉइजसाठी आणि त्या कॉम्प्लेक्स एफएफटीसाठी मिळून.

दुसरा बोर्ड गेल्या रविवारी झाला. २२ नॅनोफॅरॅड, वॉटरफॉल कडेपर्यंत उजळ, अगदी सिम्युलेशनसारखा. इमेज मोजली, ३३ डीबी. ४६ कुठे गेले? सिलेक्ट लाइनच्या तारा मोजल्या, फ्लिपफ्लॉप बदलला, क्लॉक बघितला, एक संध्याकाळ अशीच गेली. मग परत एलटीस्पाइस उघडलं आणि ऑपॲम्पच्या रेझिस्टरकडे बघितलं. स्क्रीनवर सगळे १ किलोओम म्हणजे १ किलोओम. बोर्डावर ५ टक्केवाले. आय आणि क्यूच्या गेनमध्ये ५ टक्के फरक पडला तर इमेज ३२ डीबीवर येते, साधं सूत्र आहे, आणि मी ०.४ नॅनोसेकंदांच्या मागे आठवडाभर लागलो होतो. याच्यासाठी एमसी नावाचं फंक्शन आहे, व्हॅल्यू आणि टॉलरन्स लिहिला की प्रत्येक रनला वेगळा आकडा उचलतो. पन्नास रन केले, एकही दुसऱ्यासारखा नाही, काही बरे, काही माझ्या बोर्डासारखे. मग काल रात्री मल्टिमीटर घेऊन बसलो, डबीतले शंभर रेझिस्टर एकेक करून मोजले, कागदावर आकडे लिहून जोड्या लावल्या. आठ बोर्डावर गेले. इमेज आता ४५ वर आहे, बाकीचे ब्याण्णव त्या कागदावरच चिकटपट्टीने लावून ठेवलेत.